सूत्र गरुड, मुक्काम जळकोट

५ जानेवारी २०२५, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प पाच तारखेला करतोय. कारण परवा नायगावला आमचे साडू शेषेराव यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन झालं आणि मी अजून त्यातून सावरलेलो नाही. शेषेराव म्हणजे झेडपीचे रिटायर्ड केंद्रप्रमुख. तीनशे पानांचं पुस्तक, त्यातला बराचसा भाग शाळेच्या गळक्या पत्र्यांबद्दल. तरी हॉल भरला. शाल मिळाली. आमच्या सिंधुने पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. परत मुखेडला येताना एसटीत म्हणाली की दाजींनी आयुष्यात काहीतरी करून दाखवलं बघा.

मी काही बोललो नाही. न बोलणं हाच माझा धंदा होता. बायकोशी संसार केला, पण मी नेमकं काय करतो ते तिला कळू दिलं नाही.

संकल्प : आत्मचरित्र लिहिणे. नाव 'मी गप्प होतो'. ज्या गुप्तचर खात्यात मी नोकरी केली त्याचं नाव मात्र या रोजनिशीतही लिहिणार नाही. इथून पुढे फक्त 'खातं'.

७ जानेवारी
सिंधुला संकल्प सांगितला. तिने हमीपत्राची आठवण करून दिली. निवृत्तीच्या वेळी आम्हाला लिहून द्यावं लागतं की खात्याच्या कामाबद्दल प्रमुखांच्या परवानगीशिवाय पुस्तक, लेख, भाषण काही करणार नाही, केलं तर पेन्शन थांबू शकते. पण हमीपत्र गोपनीय होतं, हिला कसं कळलं, असं विचारलं. म्हणाली, तुमचा चष्मा सापडत नव्हता, मीच भरलं की ते. फक्त सही तुमची हाय.

पुढे म्हणाली की पेन्शनीवर घर चालू हाय, तुमच्या पुस्तकावर न्हाई. मी समजावलं की सरकार असे नियम माझ्यासारख्या माणसांच्या भीतीने करतं. त्यावर तिने विचारलं की नेमकं कोण भिऊन राहिलंय. प्रश्न विषयाला सोडून होता.

१२ जानेवारी
आजपासून पहाटे पाचला उठून लिहायचं. आठला उठलो. थंडी फार.

१९ जानेवारी
पहिलं प्रकरण सुरू. सर्व सूत्रांना टोपणनावं दिली. मुख्य सूत्र 'गरुड'. जळकोटच्या स्टँडसमोर हॉटेल चालवणारा मलप्पा. (हे नाव इथे लिहायला नको होतं. उद्या खोडणे.)

बाजाराच्या दिवशी मी एसटीने जळकोटला जायचो, बियाण्याच्या कंपनीचा माणूस म्हणून. कव्हर इतकं पक्कं होतं की इतक्या वर्षांत एकाही शेतकऱ्याने मला बियाणं मागितलं नाही. गरुड चहा ठेवता ठेवता हळूच बातमी द्यायचा. मी ती परतीच्या गाडीत लिहून काढायचो आणि नांदेडच्या ऑफिसला पाठवायचो. देश झोपायचा. देशाला माहीत नव्हतं की तो कुणामुळे झोपतोय.

मुखेडमध्येही मी कधी ओळख दिली नाही. रिक्षावाले आमच्या गल्लीला 'सीआयडीची गल्ली' म्हणतात, ते का म्हणतात याचा मी शोध घेतला होता. निष्पन्न काही झालं नाही.

२ फेब्रुवारी
प्रकरण चार जमलं. जळकोटात अचानक आलेला दाढीवाला परका इसम, अनोळखी भाषा, हॉटेलच्या मागच्या खोलीत मुक्काम. गरुडने खबर दिली, मी तातडीचा रिपोर्ट केला, इसम दोन दिवसांत पसार. वरून शाबासकी आली होती. लिहिताना अंगावर काटा आला. सिंधुला वाचून दाखवावंसं वाटलं पण नियम आठवला. तिनेही वाचा म्हटलं नाही.

२३ फेब्रुवारी
हस्तलिखित पूर्ण. तीनशे पानांचं ठरलं होतं. गुपितं वगळली तर चौऱ्याऐंशी उरली. लातूरहून तनुजाने टाइप करून पाठवलं. लेक म्हणून विश्वास टाकला. फोनवर म्हणाली, बाबा, सगळं वाचलं, पण यात गुपित कुठंय. मी म्हटलं, तेच तर कौशल्य.

परवानगीसाठी खात्याकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. खिडकीतल्या मुलीने पत्ता मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. रांगेतल्या दोघांनी मला वाकून नमस्कार केला. कशासाठी कोण जाणे.

८ मार्च
आपल्यावर पाळत आहे. समोरच्या खांबावर सकाळपासून एक माणूस चढून बसलाय, हातात वायर. खाली पांढरी जीप. चौकशी केली तेव्हा शेजाऱ्यांनी नेट घेतलंय असं सांगण्यात आलं. सांगणारच.

१६ मार्च
प्रकाशनासाठी मंगल कार्यालय ठरवून टाकलं, मे महिन्याची तारीख. नंतर लग्नसराईत मिळत नाही. शेषेरावांना अध्यक्ष केलं, म्हणजे त्यांना दोन तास गप्प बसावं लागेल. त्यांनी विचारलं की परवानगी आली का. मी फक्त हसलो. हे हसणं मी सर्व्हिसमध्ये कमावलंय. ते म्हणाले, दात दुखतोय का.

३० मार्च
उत्तर नाही. याचा अर्थ वर खळबळ आहे. बंदी आली तर वर्तमानपत्रांना द्यायचं निवेदन आजच लिहून ठेवलं. फार जळजळीत झालंय. सिंधुने वाचलं आणि म्हणाली की बंदी आली तर आली, पेन्शन बंद करतील असं काही करू नका. तनुजाच्या बाळंतपणाला पैसे लागतील. तिचा आवाज जरा कापला. मी विषय बदलून पाणी आलं का विचारलं.

१२ एप्रिल
पुस्तक येण्याआधी सूत्राला सावध करणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य. जळकोटला गेलो. बाजार होता. मी गर्दीतून, पाठ फिरवून, दोन दुकानं सोडून, आडवाटेने हॉटेलात शिरलो. मलप्पाने गल्ल्यावरूनच हाक मारली की या सीआयडी साहेब, लई दिवसांनी. आणि आत ओरडून सांगितलं की सीआयडी साहेबाला चहा, साखर कमी.

कोपऱ्यात बसवून त्याला सांगितलं की पुस्तक येतंय, पण तुझं नाव कुठेही नाही, निश्चिंत राहा. तो म्हणाला, टाका की नाव, हॉटेलचंबी टाका. मग विश्वास बसावा म्हणून मी त्याला प्रकरण चार वाचून दाखवलं. दाढीवाल्यापाशी आलो तेव्हा त्याला हसू आवरेना. टॉवेलने डोळे पुसत राहिला.

दाढीवाला त्याचा जावई होता. हुमनाबादकडचा. नवसाची दाढी, बोलणं कानडी, दोन दिवस सासुरवाडीला आला आणि गेला.

मी विचारलं, मग मला तसं का सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो. म्हणाला, साहेब, तुम्ही दर बाजाराला मुखेडहून उन्हातान्हाचं येत होता. चहा पिऊन तोंडाकडं बघत बसत होता. गावात तर काहीच होत न्हाई. पाव्हण्याला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं. सोयऱ्याला टॉवेल-टोपी करतो, तुम्हाला बातमी करत होतो.

सकाळी बाजार भरायच्या आधी चार-पाच जण या हॉटेलात बसून ठरवायचे म्हणे, की आज साहेबाला काय द्यायचं. भाजीवाल्या भामाबाईचं डोकं त्यात फार चालायचं. माझ्या प्रकरण सहातला टेकडीवरचा लाल दिवा तिच्याच डोक्यातला.

१३ एप्रिल
काल जेवलो नाही. सिंधुने कारण विचारलं, मी गोपनीय आहे म्हटलं. तिने सोडा दिला.

खरं लिहायचं तर वाईट वाटलं. जळकोटच्या गाडीसाठी मी तापातही धावलोय.

पण दुसऱ्या बाजूने पाहता, अख्खं गाव माझ्यासाठी काम करत होतं. इतकं मोठं नेटवर्क खात्यात दुसऱ्या कुणाचं असेल असं वाटत नाही. पुस्तकात बदल करण्याची गरज नाही.

२ मे
आज खात्याकडून नांदेडहून दिपाली नावाच्या अधिकारी आल्या. तरुण मुलगी, तनुजापेक्षा लहान. दारात विमा कंपनीकडून आले म्हणाली. स्वयंपाकघरातून सिंधुने विचारलं की खात्याची पोरगी आली वाटतं, पोहे टाकू का.

उत्तर लेखी मिळत नाही, तोंडी असतं म्हणाली. वरच्यांनी पुस्तक वाचलं. गोपनीय असं त्यात काही आढळलं नाही. मी मान डोलावली, मनात निवेदन फाडलं. पण परवानगी देता येत नाही, म्हणाली.

कारण गरुड. हॉटेल, स्टँड, खांद्यावरचा टॉवेल, सगळं वर्णन मी असं केलंय की शाळेतलं पोर बोट दाखवेल. आणि गरुड हे अजूनही या पट्ट्यातलं खात्याचं सगळ्यात विश्वासू सूत्र आहे. एकही आठवडा चुकत नाही. ती स्वतः दर बाजाराला जाते. बियाण्याच्या कंपनीची म्हणून.

माझं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी एक अस्सल गुपित होतं, आणि ऐकायला खात्याचा माणूस समोर बसला होता. सांगितलं तर गरुड जातो. तिची नोकरी अडचणीत येते. आणि माझी सगळी सर्व्हिस त्या दाढीवाल्याच्या मागोमाग पसार होते.

तोंड मिटलं. पोहे घ्या म्हटलं.

ती निघाली तेव्हा सिंधुने तिला कुंकू लावून ब्लाउजपीस दिला. दारातून लेकीबाळीला रिकाम्या हातानं कसं लावायचं, म्हणाली. मी दुसरीकडे बघितलं.

३ मे
पुस्तकावर बंदी. शेषेरावांच्या पुस्तकावर कुणी बंदी घातली नाही, घालणारही नाही. सकाळी आनंदाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अडचण एवढीच की बंदी आली हेही गोपनीय आहे. कारण तर आणखीच. शेषेरावांना फोन करून प्रकृतीच्या कारणाने कार्यक्रम रद्द असं कळवलं. ते म्हणाले, छापायला पैसे कमी पडले का, सांगा. मी गप्प होतो. पुस्तक नसलं तरी नाव वाया गेलं नाही.

सिंधु मात्र मोकळी हसली. पेन्शन राहिली, म्हणाली. तनुजाला तिने लगेच फोन लावला.

१७ मे
जळकोटला गेलो. फक्त चहासाठी. हॉटेलात मलप्पा, भामाबाई आणि दोघे जण बसले होते. मॅडमला आज काय द्यायचं यावर चर्चा चालली होती. मला म्हणाले, साहेब, तुम्ही अनुभवी, तुम्ही सांगा. मी स्पष्ट नकार दिला. माझी काही तत्त्वं आहेत.

मात्र एक सांगितलं की बातमीतल्या गाडीचा रंग दिल्याशिवाय रिपोर्ट पक्का वाटत नाही. हे मार्गदर्शन झालं, सहभाग नव्हे.

संकल्प : पुन्हा जायचं नाही.

२४ मे
गेलो. रंग दिला की नाही ते बघायला. दिला होता, पण मोतिया. मोतिया रंगाची जीप कुणी पाहिली आहे? दुरुस्त करून घेतला.

३१ मे
गेलो. भामाबाईचं डोकं अजून चालतं, पण शिस्त नाही. आता वहीत मुद्दे काढून नेतो. सिंधु म्हणाली, हल्ली तुमचा चेहरा बरा दिसायला लागलाय. तिला मी आठवडी बाजारातून भाजी आणतो असं सांगितलंय. चांगलं कव्हर आहे. भाजी आणायला विसरतो.

२१ जून, संध्याकाळी
मधले दोन बाजार सर्दीमुळे चुकले. आज गेलो. मलप्पाने हाक मारली नाही. स्वतः चहा घेऊन आला, शेजारी बसला आणि आवाज उतरवून बोलू लागला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यासमोर खरोखर आवाज उतरवला तो आज.

म्हणाला, साहेब, राग धरू नका. गेल्या बाजाराला सगळे पेरणीत. भामाबाई न्हाई, कोणच न्हाई. तुम्हीबी न्हाई. आन मॅडम तर आली. लेकीसारखी पोरगी, रिकामं कसं लावायचं. मग तुमचंच दिलं.

काय दिलं, असं विचारलं. एक रिटायर माणूस, दर बाजाराला येऊन बसतो, वहीत लिहितो, लोकांना गाड्यांचे रंग सांगतो, असं दिलं म्हणे. तिने सगळं लिहून घेतलं. नाव विचारलं नाही.

मी विचारलं की धोक्याबद्दल काही विचारलं का. विचारलं, म्हणाला. मॅडम म्हणाली, ह्या माणसापासून काही धोका वाटतो का. म्हणलं, न्हाई मॅडम. लई साधा माणूस हाय. त्यानं आजवर कुणाचं काई केलं न्हाई, आन पुढंबी त्याच्या हातून काई व्हायचं न्हाई. तिने तसंच उतरवून घेतलं.

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, उभा आलो. भाजी आज आठवणीने घेतली होती.

सबंध सर्व्हिसमध्ये गरुडने मला एकही खरी बातमी दिली नाही. ही पहिली. आणि ती दिपालीच्या नावावर गेली.