जाताना म्हणायचं वाक्य

बाई, वर्ग अजून तुमच्याच खोलीत भरतो. दारावरची पाटी तुमचीच आहे, मी फक्त खालचा फोन नंबर बदलला. पण आता हे फार दिवस चालायचं नाही. इमारत पाडायला निघाली आहे. वरचे दोन्ही मजले रिकामे झाले, बिल्डरची माणसं मागच्या बाजूला पत्रे ठोकून गेली. तुमच्या पुतण्यानं इतकी वर्षं ही खोली मला बिनतक्रार वापरू दिली. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "आता तुम्ही एकट्याच राहिलात. आवरा लवकर." कर्वेनगरला आमच्या सोसायटीचा खालचा हॉल मिळतो आहे. नवऱ्यानं बोलून ठेवलं आहे. मुलं तिकडेही येतील. मला ही खोली सोडायची आहे आणि ती सोडवत नाही, कारण मी गेले तर इथे थांबायला कोणी उरणार नाही. हे कारण मी घरात सांगितलेलं नाही. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

मी पहिल्यांदा आले तेव्हा वाशीमकडून येऊन मला थोडेच दिवस झाले होते. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. केलं होतं, नाटकं वाचली होती, आणि खराडीच्या एका ऑफिसात मुलाखतीला साधं वाक्य जुळवता आलं नव्हतं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. म्हणालात, "शेवटच्या बाकावर बसायची सवय दिसते. इथे बाक नाहीत. सतरंजीवर बसा." वेताच्या खुर्चीत, आतल्या दाराशेजारी, तुम्ही बसलेल्या. हातात पुस्तक नाही. तुमच्या वर्गात पुस्तक नव्हतंच. एक स्टीलचा पेला होता. ब्रिंग म्हटलं की पेला तुमच्याकडे आणायचा, टेक म्हटलं की तुमच्यापासून लांब न्यायचा. चुकलं की पेला घेऊन तिथेच उभं राहायचं. "क्रियापद तोंडानं म्हणायचं नसतं," तुम्ही म्हणायचात, "पायांनी म्हणायचं असतं. तोंड मागून येतं." मोठमोठी माणसं, मिशा असलेली, हातात पेला घेऊन खोलीच्या मध्यावर उभी. हसायला येतं आता. तेव्हा कोणी हसत नव्हतं.

सी आणि लुक तुम्ही एकाच दुपारी शिकवलंत. खिडकी उघडलीत आणि विचारलंत, काय दिसतं? मग म्हणालात, आता बघा. तेवढंच. दिसणं आपल्या हातात नाही, बघणं आहे. वेट आणि एक्स्पेक्ट मात्र आम्हाला फार दिवस जमलं नाही, कारण आमच्याकडे दोन्हीला वाट बघणंच. एका मुलानं विचारलं, "बाई, फरक काय पण?" तुम्ही हातातला पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, "माणूस येणार असं वाटतं तेव्हा एक्स्पेक्ट. वेट करायला तसं काही वाटावं लागत नाही." मी वाक्य लिहून घेतलं. त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

पण सगळे तुम्हाला ओळखायचे ते जाताना म्हणायच्या वाक्यासाठी. वर्ग सुटला की एकेकानं उंबऱ्याशी थांबायचं, खुर्चीकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, आय ॲम गोइंग, बाई. मगच चपला. एवढं सोपं वाक्य, आणि पहिल्या आठवड्यात ते एकालाही येत नसे. सगळे म्हणत, आय ॲम कमिंग. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे आमच्या हाडात. तुम्ही म्हणायचात, "येताय? या की मग. बसा परत." आणि तो माणूस खरंच परत येऊन सतरंजीवर बसायचा. कोणाची बस चुकायची, कोणाची कंपनीतली शिफ्ट. तुम्हाला त्याचं काही नसे. जाणाऱ्यानं जातो म्हणावं, एवढाच तुमचा हट्ट.

मी म्हटलं नाही. गावाहून निघताना आईनं बजावलं होतं, पोरी, जातो कधी म्हणू नको, तोंडातून निघालं की खरं होतं. मी उंबऱ्यात उभी. तुम्ही खुर्चीत. बाकीचे निघून गेले, बाहेर स्कूटर चालू झाल्या, गेल्या. आत कुकरची शिट्टी झाली तरी तुम्ही उठला नाहीत. शेवटी म्हणालात, "नाही म्हणणार?"

"नाही, बाई. कमिंगच म्हणते."

"म्हण. पण मग यावं लागेल. म्हणून ठेवलं आणि आला नाहीत, असं चालणार नाही."

तुम्ही तोवर मला अहोजाहो करत होतात. त्या संध्याकाळी एका वाक्यात एकेरीवर आलात आणि पुन्हा दूर झालात. मी कमिंग म्हणाले आणि निघाले. आणि येत राहिले, बाई. नोकरी लागली तरी, लग्न झालं तरी, रविवारी. ज्यांनी गोइंग म्हटलं ते सगळे गेले. कोणी खराडीला, कोणी त्याहून लांब. चांगलं चाललं आहे त्यांचं. तुमच्या आजारपणात त्यांच्यापैकी एकही आला नाही, आणि तुम्हालाही कोणी येईलसं वाटत नव्हतं.

तुमच्या हट्टामागचं कारण मला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळलं. त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं आणि मी तुम्हाला बोलवायला खाली येत होते, तर त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. "तिला नको गं बोलावू. बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. कुंकू लावायचं की नाही हे तिलाच ठाऊक नाही, आम्ही काय ठरवणार?" मग हळू आवाजात सांगितलं. तुमचा नवरा याच दारातून गेला. भांडण नाही, काही नाही. चपला घातल्या, येतो म्हणाला. कोपऱ्यावर जाऊन यायचं असतं तसा. मी विचारलं, "मग?"

"मग काय," काकू म्हणाल्या. "अजून येतोय."

त्या दिवसापासून मला तुमच्या दाराची कडी कळली. म्हणजे कडी न लावणं कळलं. तुम्ही सांगायचात, मुलं येतात म्हणून दार लोटलेलं असतं, आणि मला ते खरं वाटायचं. शेवटच्या दिवसांत मुलं नव्हती, वर्ग बंद होता, तुम्ही आतल्या खोलीत पडून असायचात. मी सवयीनं कडी लावली की तुम्हाला ती आवाजावरून कळायची. "लोटून ठेवा. कडी नको." शेवटच्या संध्याकाळीही तेच. मी तुम्हाला पेज भरवली, तोंड पुसलं आणि निघाले. म्हटलं, बाई, येते. इतकी वर्षं यावर तुमचं ठरलेलं उत्तर असे, गो. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ये." माझ्याकडे बघत नव्हतात. दाराकडे बघत होतात. सकाळी मी आले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि तुम्ही नव्हतात.

वर्ग मी पुन्हा सुरू केला. ते जाताना म्हणायचं वाक्य मी घेत नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला ते नको होतं. मी मोबाइलवर चित्रं दाखवते, मुलं मला मॅडम म्हणतात, वर्ग सुटला की बाय म्हणून जातात. म्हणजे जात असत. दिवाळीनंतरच्या बॅचला मी फळा पुसत होते, पाठ दाराकडे. मागून एकेक आवाज आला. आय ॲम गोइंग, बाई. मग दुसरा. मग तिसरा. मी वळले तेव्हा शेवटचा मुलगा उंबऱ्यात होता. अकोल्याचा, चाकणला कंपनीत कामाला. त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं. आतल्या दाराशेजारच्या वेताच्या खुर्चीकडे होतं.

मी विचारलं, "बाई कोणाला म्हणालास?"

"तुम्हालाच, मॅडम."

"मी इकडे उभी आहे."

तो गोंधळला. "सगळेच म्हणतात ना मॅडम. पहिल्या दिवसापासून. मले वाटलं, क्लासची पद्धत आहे."

"कोणी सांगितली पद्धत?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. "सांगितली असं नाही. पण म्हटल्याशिवाय पाय निघत नाही इथून."

सदाशिव पेठेतलीच एक मुलगी बाहेर चपला घालत होती, ती तिथूनच म्हणाली, "भूत-बीत असेल तर असू दे हं मॅडम. फक्त त्याची वेगळी फी लावू नका." सगळे हसले. मीही हसले. ती मुलगी नंतर आत डोकावली, खुर्चीकडे वळली, वाक्य म्हणाली आणि गेली. तेव्हापासून रोज असंच. मी त्या कोपऱ्याकडे बघत नाही. दिसायचं ते दिसतंच. वेत कधी कधी करकरतो. जुना वेत करकरतोच. मी दाराला कडी लावत नाही. नवरा म्हणतो, त्या पडक्या इमारतीत दार उघडं टाकून बसतेस, कमाल आहे तुझी. मी त्याला सांगते, मुलं येतात. मी तुमचंच वाक्य वापरते आणि मला माहीत असतं की ते खरं नाही.

आज दोन बॅचच्या मधल्या वेळात दार सरकलं. मला वाटलं, पुतण्या. एक माणूस आत आला. उजेड त्याच्या मागे होता, वय नीट कळलं नाही. त्यानं बाहेर चपला काढल्या होत्या, खोलीत नवीन माणूस जसं इकडेतिकडे पाहतो तसं पाहिलं नाही, आणि विचारलं, "आत आहे का?"

तुमच्याबद्दल असं कोणी विचारत नसे, बाई. पुतण्या काकू म्हणतो, पण तोही अहोजाहो करतो. पेठेत तुम्हाला कोणी एकेरीत हाक मारलेली मी ऐकली नाही. मला म्हणायचं होतं, कोण हवंय तुम्हाला? मला म्हणायचं होतं, त्या गेल्या. त्या गेल्या, हे मी तुमच्या ओळखीच्या, तुमच्या नात्याच्या, सगळ्या माणसांना सांगितलं आहे. वाक्य सोपं आहे. तोंडातून निघालं ते दुसरंच. "बाहेर गेल्यात. येतील."

"बरं," ते म्हणाले. आणि वेताच्या खुर्चीत बसले.

संध्याकाळची बॅच आली, शिकली आणि गेली. कोणी विचारलं नाही की हे कोण. कोणी उंबऱ्याशी थांबलं नाही. बाय मॅडम, बाय मॅडम, आणि पायांचे आवाज. मी मोबाइलवरची चित्रं बंद केली, फळा पुसला, पुतण्याला फोन करून सांगितलं की सोमवारपर्यंत खोली मोकळी होईल. तो म्हणाला, "अरे वा. एकदम ठरलं?" मी म्हटलं, हो. आता इथे थांबायला माणूस आहे, हे त्याला सांगितलं नाही. ते अजून बसले आहेत. हात मांडीवर, नजर दारावर. उशीर झाला म्हणून कंटाळलेले दिसत नाहीत. तुम्ही बसायचात तसेच बसले आहेत, फक्त वाट तुमची आहे. मी सतरंजीवर बसून हे लिहिते आहे आणि ते माझ्याकडे बघत नाहीत. सोमवारनंतर इथे भिंती नसतील. तेव्हा ते कुठे बसतील, मला माहीत नाही. तुम्हाला लवकर यायला सांगावं असं वाटतं, पण ते सांगायला पत्ता नाही, म्हणून हा कागद मी पर्समध्ये घालून घरी नेईन.

एक सांगायचं राहिलं. मी त्यांना नाव विचारलेलं नाही. चार हातांवर बसले आहेत, सहज विचारता येईल. दुसरंच काही नाव सांगतील, म्हणून विचारत नाही.