टोपीवाल्यांच्या गावात पायपेटी

मॉरिसव्हिल,
१७ ऑगस्ट २००४

ती. सुमित्राआत्यास,

उत्तराचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे सिद्धेश ऑफिसात ठीक आहे आणि मी दोन खोल्यांत येरझारा घालत ठीक आहे. (माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. डबे घासून होतात, मग तेच पुन्हा घासते.) हे पत्र लिहितानाही तीनदा उठले.

माझी घालमेल बघून सिद्धेशने परवा शनिवारी मला एका खेड्यातल्या संगीताच्या जत्रेला नेलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. दोन तास ड्राइव्ह, दोन्हीकडे मका. शेतातच गाड्या लावायच्या, शेतातच गाणं ऐकायचं. सगळा गाव रुंद टोप्या घालून स्वतःच्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेला, आणि आम्ही मधोमध सोलापुरी चादर पसरून, सहलीला आल्यासारखे. गवताच्या भाऱ्यांमुळे सिद्धेशला शिंका सुरू झाल्या. मी शाकाहारी म्हणून घेतलेल्या घेवड्यातही डुकराचे तुकडे निघाले. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला, रेंज मिळेना, म्हणून तो फोन डोक्यावर धरून टेकडीकडे गेला तो गेलाच.

मला एका जागी बसवेना. फिरत फिरत स्टेजमागच्या तंबूपाशी पोचले, तर आत पायपेटी. खरंच सांगते आत्या, पायाने भाता मारायची, तुझ्या भजनी मंडळात होती तशीच, फक्त जरा उंच. शेजारी डॉटी नावाच्या सत्तरीच्या बाई रडवेल्या होऊन उभ्या होत्या. त्यांची पेटीवाली मैत्रीण मनगट मोडून घरी, आणि वीस मिनिटांत त्यांना स्टेजवर जायचं होतं. मी वाजवते, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या चर्चमध्ये वाजवतेस?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला, आत्याच्या मंडळात." (पुणं हे टेनेसीतलं गाव असावं असं त्यांनी धरलं.)

बी फ्लॅटमध्ये गाणार होत्या, म्हणजे आपली काळी पाच. तेवढ्यावर मी स्टेजवर. गाणं नवरा सोडून गेल्याचं होतं, पण चाल डोहाळजेवणात खपेल अशी. साथ जमत होती. मग मधेच बाकीचे वादक थांबले आणि त्यांच्यातले व्हायोलिनवाले आजोबा माझ्याकडे बघून मान हलवू लागले. एकटीने वाजवायची पाळी आली होती. हाताला दुसरं काही सुचेना, म्हणून गुरुवारच्या भजनाआधी तू वाजवायचीस तो भूपाचा तुकडा सोडला. आजोबा दोन आवर्तनं ऐकत राहिले आणि तिसऱ्याला मागून आले. समोर टोप्या हलायला लागल्या. आत्या, इथे आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या पायाखाली जमीन लागली.

इकडे सिद्धेश खांद्यावर चादर टाकून मला शोधत होता. पाच फूट एक इंच, हिरवा कुर्ता, असं त्याने एका स्वयंसेवकाला सांगितलं. स्वयंसेवकाने स्टेजकडे बोट केलं.

परतीच्या वाटेवर सिद्धेश शिंकत शिंकतच गाडी चालवत होता. मग तो म्हणाला, "तू पेटी वाजवतेस, हे मला माहीतच नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"आता विचारतो," तो म्हणाला, आणि घरापर्यंत विचारत राहिला. कुणाकडे शिकलीस, का सोडलीस. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

तब्येतीला जप. काकांना नमस्कार.

तुझी,
उत्तरा

ता. क. उत्तर का दिलं नाही ते तुला ठाऊक आहे. सासूबाईंना घरात वाद्याचा आवाज चालत नाही, तेव्हा पेटीचं एवढ्यात बोलू नकोस, असं हे स्थळ आणताना तूच बजावलं होतंस.

ता. ता. क. तर आता निस्तरायलाही तूच हवीस. सासूबाई आणि सासरे आठ ऑक्टोबरला इथे उतरताहेत, आणि नऊ तारखेला शेजारच्या गावच्या जत्रेत मी डॉटीबाईंबरोबर वाजवायचं कबूल करून बसले आहे. सासू-सासऱ्यांना तिकीट आठवडाभर पुढे ढकलायला लाव. कारण तुला सुचेलच, ते तुझा शब्द खाली पडू देत नाहीत.

आणखी एक. सिद्धेशला यातलं काही माहीत नाही. मी तुझ्याकडून गोड्या मसाल्याचं प्रमाण मागवते आहे असं त्याला वाटतंय, तेव्हा उत्तरात तेही लिही.