काकवीचा वास

विश्रामबाग, सांगली
१२ डिसेंबर २०२४

ती. राहीताईस नमस्कार.

आम्ही बरे आहोत. दाजींना पलटणीतून सुट्टी कधी मिळतेय? औंधला थंडी पडली असेल, आत्यांचे गुडघे दुखत असतील. तुला पाचवा महिना लागल्याचं आईकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, याचं वाईट वाटून घ्यायचा हक्क मला नाही.

फोनवर आपण जेवणखाण आणि हवेच्या पुढे जात नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या लॅबमध्ये मला वरच्या मजल्यावर घेतलंय. खाली द्राक्षांत फवारणीचं औषध किती उरलं ते तपासतात. वर तसल्याच यंत्रावर नवजात बाळांचं रक्त. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्याला. टाचेतले दोन-चार थेंब कागदावर वाळवून आमच्याकडे येतात. यंत्र त्यातल्या एकेका पदार्थाचे कण वजनावरून ओळखतं आणि कुठला किती आहे ते सांगतं.

गेल्या महिन्यात चार दिवसांच्या एका मुलाच्या रक्तात ल्युसीन नावाचा पदार्थ भलताच वाढलेला दिसला. पुन्हा तपासलं, तेच. डॉक्टरांनी लगेच त्याच्या घरी फोन लावला. मी शेजारीच होते. त्याची आजी सांगत होती, "दूध वढत न्हाई ओ. निजूनच हाय. आन लंगोटाला काकवीचा वास येतोय."

ताई, मला तुझा तो फोन आठवला.

आईचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तुझं पहिलं बाळंतपण औंधलाच झालं होतं. बाळ सहा दिवसांचं असताना तू मला फोन केलास. "राजू, तू सायन्सवाली. बाळाच्या शूला काकवीवाणी वास का येत असंल गं?" दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी म्हणाले, "दाराम्होरं गुऱ्हाळ लागलंय, दुसरा कसला वास येणार?" तू पुढं काही विचारलं नाहीस. नवव्या दिवशी बाळ गेलं. आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला पोर पाजायलाच आलं न्हाई." मी तिथंच उभी होते. त्या फोनचं मी कुणाला बोलले नाही. सहा वर्षं नाही.

या आजारात लघवीला काकवीसारखा वास येतो; दुधातलं ल्युसीन बाळाला पचत नाही, साठत साठत मेंदूपर्यंत जातो. तू नीटच पाजत होतीस. आई-बाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो, आणि तुझ्या सासूबाई म्हणजे आपल्या आत्याच, तू न् दाजी मामे-आतेभावंडं. आपल्या बाळाचं रक्त कुणी ठेवलं नाही, त्यामुळे ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बहुतेक हेच.

तसं असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता चारांत एक. तो मुलगा मात्र वेगळ्या पावडरीच्या आणि मोजून दिलेल्या आईच्या दुधावर सावरला, घरी गेला. पथ्य जन्मभराचं, पण तो आहे.

बाळंतपणाला इकडे ये. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासू. मी समोर नको असेन, तर मी येणार नाही.

तेव्हा गप्प राहिलेली तुझी बहीण,
राजेश्वरी


औंध
२७ डिसेंबर

राजू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेऊन उलटापालटा पाहिला. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या माहेरचंच रक्त?" मी म्हणाले, "आवं, त्यात दोष कुणाचाच न्हाई." रात्री त्यांनी माझं ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. असं सहा वर्षांत झालं नव्हतं.

तुझा राग आलाय. एका पत्रानं तो जायचा नाही. पण आठव्या महिन्यात मी तुझ्याकडंच येणार. बाळाचं रक्त तपासताना यंत्रापाशी तूच बस. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.

आणखी एक. बारसं झालं नाही म्हणून तुम्ही सगळे त्याला 'बाळ'च म्हणता. नाव मी पहिल्याच दिवशी ठेवलं होतं, त्याच्या कानात सांगितलं होतं. तुझ्या दाजींनाही ठाऊक नाही. इथून पुढं तू त्याला नावानं म्हण.

शिवतेजची आई,
राही