चौथ्या पायरीवरचा कौल

रविवार, ४ ऑक्टोबर

ती. दाजी,

नमस्कार. ताईलाही सांगा. आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे ठीक नसणार हे माहीत आहे, तरी पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो.

आज आपण तीन-शून्य हरलो. हरल्याचं काही नाही. बावीस वर्षं त्या स्टँडच्या चौथ्या पायरीवर बसून आपण काय कमी पराभव पचवलेत? डोकं फिरतं ते हरण्याच्या तऱ्हेनं. दुसरा गोल बसला तेव्हा आपला गोलरक्षक बचावपटूकडे बघत होता, बचावपटू पंचाकडे आणि पंच घड्याळाकडे. चेंडूकडे बघणारा एकही माणूस मैदानात नव्हता! तुम्ही असता तर पास निघायच्या आधीच ओरडला असता, "अरे डावीकडे मोकळा आहे तो, डावीकडे!" फिरत्या पट्ट्यावरून मिनिटाला दोनशे बाटल्या जाताना काचेतला केसाएवढा तडा हेरणारे तुमचे डोळे. ते डोळे आता वाहनतळाच्या खोक्यात बसून पावत्यांवरचे आकडे बघतात. हा या जगाचा न्याय.

तुमच्या जागेवर हल्ली कंपाउंडर पिशवी ठेवतो. मी म्हटलं, उचल. तर म्हणतो, "का रे भोंग्या, पायरी दाजींच्या नावावर आहे का?" कारखान्याचा भोंगा आणि आपला मेहुणा, दोन्ही एकदा सुरू झाले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, असं म्हणून हे नाव तुम्हीच मला चिकटवलंत. कारखान्याचा बंद पडला. हा वाजतोय.

पण दाजी, वाजून उपयोग काय? ऐकतं कोण? आज मध्यंतरात मागच्या पायरीवरच्या नव्या मंडळींना मी आपले नियम सांगत होतो. पंधरा मिनिटं. पहिली पाच खेळाची, मधली पाच पैशाची, शेवटची पाच जगाची. आणि ज्याच्या घरात काही अडलं असेल त्यानं उभं राहून प्रश्न मांडायचा, पायरीनं हात वर करून कौल द्यायचा, उत्तरार्धाची शिट्टी झाली की त्या विषयावर चकार शब्द नाही. प्रश्न स्वतःचाच हवा, उसना चालणार नाही. मी इतकं सांगेपर्यंत त्यातल्या एकानं फोनवर दुसऱ्याच सामन्याचा स्कोअर बघितला आणि "हो का काका?" म्हणाला. हो का काका! या पायरीनं माणसांची लग्नं ठरवली, घरं घेतली, एका माणसाची दारू सोडवली, आणि हा म्हणतो हो का काका.

आपली जुनी माणसंही काही वेगळी राहिली नाहीत. कंपाउंडर म्हणतो, सोनं घ्या. गणिताच्या बाई म्हणतात, "बस-भाडं परवाच वाढलं, ते भरून काही उरलं तर घेईन." तो म्हणतो, "मग दरमहा थोडं थोडं बाजारात टाका, बाई." बाई म्हणतात, "मी चाळीस वर्षं पोरांना नफा-तोटा शिकवला. तोटा मला पाठ आहे, तो विकत घ्यायला नको." सगळे हसले. मग पाणीपट्टी, मग निवडणूक, मग परत तो नालायक गोलरक्षक. मी उठून पाणीपट्टीवर दोन शब्द बोललो. म्हणजे दोन शब्द म्हणतात ते. बाईंनी घड्याळ दाखवलं. एके काळी गेटवरच्या सभेत मी उभा राहिलो की तिन्ही पाळ्यांची माणसं डबे बंद करून ऐकायची. आता लोकांना अन्याय झाल्याचंही कळत नाही, तो त्यांना हप्त्याहप्त्यानं होतो म्हणून.

असो. तुम्ही एकवीस जणांनी कंपनीवर दावा लावल्याचं कळलं. उत्तम केलंत. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम पुढे करताना कारखाना बंद करायचं कंपनीचं आधीच ठरलं होतं आणि ते तुमच्यापासून लपवलं, हे म्हणे सिद्ध करायचं आहे. सिद्ध झालं तर नाकारलेली रक्कम व्याजासकट मिळेल. पण कठीण आहे, दाजी. असल्या गोष्टी कागदावर कोण ठेवतं? आणि ठेवल्या तरी देणार कोण? तरीही लढलंच पाहिजे. हरलो तरी लढलो याचं समाधान फार मोठं असतं.

पुढच्या रविवारी या. तिकीट मी काढतो.

तुमचा,
भोंगा


मंगळवार, १३ ऑक्टोबर

ती. दाजी,

नमस्कार. तुम्ही आला नाहीत. एक-एक अशी बरोबरी झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

उत्तर तुमच्याऐवजी ताईचं आलं. चार ओळी. "पुन्हा भाषण पाठवू नकोस. लढल्याचं समाधान दुकानात चालत नाही. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय." आणि शेवटची ओळ: "मी चिडले की हे म्हणतात, त्याला बोलू नकोस, तोही आपल्याबरोबरच बुडाला."

डोळ्याचं काय झालंय? कुठला डोळा? मला कुणी सांगितलं का नाही?

आणि मी भाषण केलं असं ताईला वाटतं तर वाटू दे. लहानपणी मला स्टुलावर उभं करून पाहुण्यांसमोर बोलायला लावणारी तीच. तुम्ही रकमेचा प्रश्न मांडलात त्या दिवशी मी पायरीवर बोललो ते चुकलं असं तिला म्हणायचं असेल तर तसं सरळ म्हणावं. मी काय खोटं बोललो? मालकानं चार पैसे फेकले म्हणून कामगारानं भट्टी सोडायची नसते, हे मी वीस वर्षं बोलत आलो. कौल पायरीनं दिला. अकरा विरुद्ध दोन. गणिताच्या बाई विरुद्ध होत्या, आणि कंपाउंडर, तोही बाईंनी हात खेचला म्हणून. मी एकट्यानं नाही दिला.

ते शेवटचं वाक्य मात्र तुम्ही बोलायला नको होतं. ताई चिडते ते बरं आहे. चिडू द्या तिला. तुम्ही माझी बाजू घेऊ नका. कृपा करून घेऊ नका.

ऑपरेशनचं नक्की काय ते कळवा.

भोंगा


सोमवार, १९ ऑक्टोबर

दाजी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीचे दोन कागद फाडले, कारण दोन्हींमध्ये दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मी देशाच्या परिस्थितीवर पोचलो होतो. आता जे झालं तेवढंच लिहितो.

मार्चच्या बारा तारखेला, गुरुवारी, साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, दार लावलं. म्हणाला, "तुम्ही वाचणारे आहात, म्हणून तुमच्याशी सरळ बोलतो." वाचणारे म्हटल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसलो, हेही लिहून ठेवतो. त्यानं एक कागद पुढे सरकवला. आपल्या भट्टीचं आतलं अस्तर दहा वर्षांनी बदलावं लागतं, ते या वर्षी बदलायचं होतं, तुम्हाला माहीत आहे. त्यासाठीच्या विटांची मागणी रद्द केल्याचं ते पत्र होतं. खाली तारीख होती चार मार्च. विटा नाहीत म्हणजे भट्टी नाही, आणि भट्टी विझली की काचेचा कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड.

म्हणाला, "जुलैअखेर बंद. रक्कम आहे तोवर घ्या. शेवटच्या दिवसापर्यंत कामावर या, रक्कम घेणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव दिसणार नाही. फक्त गेटवर यातलं काही बोलायचं नाही." मी जुनं खोड. म्हटलं, पत्राची प्रत द्या, तर सही करतो. त्याला वाटलं मी स्वतःच्या खात्रीसाठी मागतोय. त्यानं दिली. मी सही केली.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "दाजींना आजच्या आज सांगा." मी म्हटलं, रविवारी भेटणारच आहेत.

रविवारी तुम्ही मध्यंतरात उभे राहिलात. मांड्यांवर हात चोळत, नेहमीसारखे. म्हणालात, "मंडळी, वीस तारखेपर्यंत सांगायचंय. रक्कम घ्यावी की थांबावं? बायको म्हणते घ्या. माझी नजरही आता पहिल्यासारखी नाही." नजरेचं तेव्हाच बोलला होतात तुम्ही, दाजी. मी ऐकलं नाही. कारण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

दाजी, मी ठरवून फसवलं नाही. ठरवून फसवणाऱ्याची निदान काही योजना असते. मी उठताना मनाशी म्हणत होतो, आज थोडक्यात सांगू, "घ्या, दाजी" एवढंच. पण मग कुणीतरी विचारलं असतं, भोंग्या, तू असं म्हणतोस? का? आणि त्या "का"ला माझ्याकडे एकच उत्तर होतं. म्हणून तोंड उघडलं आणि तेच निघालं जे वीस वर्षं निघत होतं. पाठ झालेलं. भट्टी आमच्या घामानं तापते, चार पैशांना पाठ दाखवू नका, सगळं. चांगलं झालं भाषण. मागच्या पायरीवरूनही टाळ्या आल्या. खिशात त्या पत्राची प्रत होती. हात वर करताना ती बरगडीला टोचत होती.

मला वाटलं, कौल काहीही लागो, दाजी ताईचंच ऐकतील. शिट्टी झाली. शिट्टीनंतर बोलायचं नाही, हा नियमही मीच केलेला. आणि पहिल्याच मिनिटाला आपला गोल झाला! तुम्ही मला मिठी मारलीत, पाठीत धपाटा घातलात, म्हणालात, "ठरलं, भोंग्या! नाही घेत!" मी म्हटलं, सामना संपल्यावर सांगू. सामना आपण जिंकलो. मग म्हटलं, सोमवारी सांगू. वीस तारखेपर्यंत पाच दिवस होते. रोज जेवणाच्या सुट्टीत आपण एकाच बाकावर बसत होतो.

मी बुडालो नाही, दाजी. माझी रक्कम मुदत ठेवीत आहे. तुम्ही ताईसमोर माझी बाजू घेत होता तेव्हाही ती तिथेच होती.

काल सामन्याला गेलो. मध्यंतरात उभा राहिलो आणि म्हटलं, "एका माणसाला कारखाना बंद होणार हे आधी माहीत होतं, त्याच्याकडे कागद आहे. तो त्यानं न्यायालयात द्यावा का?"

गणिताच्या बाई म्हणाल्या, "उसना प्रश्न चालत नाही. कुणाचा प्रश्न आहे हा?"

मी म्हटलं, "माझा."

कंपाउंडर हसला. त्याला वाटलं, मी काहीतरी गंमत करतोय. मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि तुमच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाईंनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" मी तारीख सांगितली. बाई मनात हिशेब करताना ओठ हलवतात. ओठ थांबले आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे तीन दिवस आधी." बावीस वर्षांत पहिल्यांदा पायरीवर एकही हात वर झाला नाही, होसाठी नाही आणि नाहीसाठीही नाही. शिट्टी झाली. सत्तराव्या मिनिटाला आपला गोल झाला. सगळे उठले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मी उभा होतो, माझ्याकडे कुणी वळलं नाही.

म्हणून कौल न घेताच आज सकाळी तुमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. विटांच्या पत्राची प्रत दिली, माझा सही केलेला करारही दिला. त्यांनी दोन्हींवरच्या तारखा वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गप्प राहण्याची अट तुम्ही मोडताय. कंपनी तुमची रक्कम परत मागेल, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. ही दाराशी बसली होती. ती म्हणाली, "मागू द्या." सात महिन्यांत ती माझ्याशी इतक्या सरळ आवाजात बोलली नव्हती.

डोळ्याच्या दवाखान्यात मी कळवून आलो आहे की ऑपरेशन आता लांबवू नका, पैसे मी भरतो. तुम्ही रागावाल. रागवा. पण ऑपरेशन करून घ्या.

गुरुवारी सुनावणी आहे. तुमच्याकडून मला माफी नको, आणि तुम्ही ती लगेच देऊन टाकाल याचीच मला धास्ती आहे. ताईला हे पत्र पूर्ण वाचून दाखवा. मधली कुठलीही ओळ गाळू नका.

वकीलबाईंनी मला बजावलंय, "हे बघा, तिथे भाषण नको. विचारलं तेवढंच सांगायचं." मी विचारलं, काय विचारणार? म्हणाल्या, "एकच. पंधरा मार्चला, तुमचे दाजी सल्ला मागत असताना, कारखाना बंद होणार हे तुम्हाला माहीत होतं का?"

तिथे सगळ्यांसमोर सांगायच्या आधी ते तुम्हाला सांगायचं होतं.

हो. माहीत होतं.

तुमचा मेहुणा