आठवी रेघ

प्रिय मुकादम,

दुसऱ्या नावानं हाक मारायला जमेना. खोदकामावर सगळ्यांवर डाफरायचीस म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं, आणि सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढते म्हणून तू मला रेघोटी केलंस. माझं बरं चाललंय. लेक माझ्या खांद्याला लागली. मावशी का येत नाही म्हणून विचारते, मी काहीतरी थाप मारते.

गुहेच्या तळच्या थरात तो गेरूचा दगड सापडला, तो दिवस आठवतो? तळहाताएवढा, आणि एका बाजूला मुद्दाम कोरलेल्या रेघा. तू मातीतच फतकल मारून बसलीस आणि रडायला लागलीस. साठ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पोटापाण्याचं सोडून दगडावर खूण केली होती! मी म्हटलं, अगं, हत्याराला धार आहे का बघत असेल. तेवढ्यावरून तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास.

ते दोन दिवस दगड माझ्या टेबलावर होता. नेहमीसारखा डावीकडून उजेड घेतला, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं आणि एकेक रेघ उतरवली. आठ भरल्या. तू तर नाचायचीच बाकी राहिलीस. आठ म्हणजे चार जोड्या, जोड्या म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे चिन्ह, आणि चिन्ह करणारा तो आपल्यासारखाच विचार करणारा माणूस. आठवड्यात तुझा शोधनिबंध लिहून तयार. त्याच आठवड्यात मी ते प्लास्टिक खिडकीशी धरलं, तेव्हा दिसलं. आठवी रेघ दगडावर नव्हतीच गं, प्लास्टिकला घडी पडली होती. ती घडी मी गिरवली होती. एवढी वर्षं हेच काम करणारी मी! धावत तुझ्याकडे आले, चूक कबूल केली. तू पाठीवर हात ठेवलास, म्हणालीस काळजी करू नकोस, मी बघते. मी निर्धास्त घरी गेले.

निबंध आठ रेघांसकट छापून आला, तेव्हा तू सगळं छापखान्यावर ढकललंस. मी भाबडी, तेही मानलं. मग गेल्या महिन्यात संग्रहालयात तो दगड मांडला. आईचं काम दाखवायला लेकीला घेऊन गेले. काचेतून रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. आठ. माझ्या त्या घडीचा खालच्या टोकाशी आलेला वाकडेपणासुद्धा हुबेहूब. चित्र दगडासारखं काढायचं असतं, मुकादम. तू दगड चित्रासारखा केलास. लेक भूक लागली म्हणून हात ओढत होती आणि मला बाकावरून उठवेना.

डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरली नाही. सातवी रेघ एकटी राहिली असती तर काय बिघडणार होतं? जोडी जमली नाही म्हणून तो माणूस कमी ठरला असता का? त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला कधी कळणार नाही, पण जे होतं ते त्याचं होतं. तेवढंच तर त्यानं मागं ठेवलं होतं. त्याच्यासाठी रडणारी तूच, आणि त्याच्या दगडावर हात चालवणारीही तूच. तरीही महिनाभर मी कुणाला काही बोलले नाही. तुझा फोन येईल, तू होऊन सांगशील, असं वाटत होतं.

फोन आला नाही. काल चौकशी समितीचं पत्र आलं. कुणीतरी दगड सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, आठव्या रेघेच्या कडा ताज्या निघाल्या. सोबत तुझ्या सहीचा जबाब आहे. दगड दोन दिवस चित्रकर्तीच्या ताब्यात होता, चित्रातली चूक झाकायला तिनंच रेघ कोरली असावी, असं तू लिहिलंस. ती चूक मी जगात एकट्या तुला सांगितली होती. केसानं गळा कापलास गं. सोमवारी मला बोलावलंय. पुरावा माझ्याकडे नाही, तुझ्या शब्दासमोर फक्त माझा शब्द. तरी जाणार. आधी माझी चूक सांगेन, मग तुझी. माझं काम जाईल कदाचित, तुझंही जाईल. हे पत्र तेवढ्यासाठीच. तुला आधी कळवतेय, कारण मला कुणी कळवलं नव्हतं.

तुझीच, असं हात सवयीनं लिहून गेला,
रेघोटी