घोडा, मास्तर आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाची मालकीण, गल्लीत लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, विधवा, हे माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो आयुष्यभर वाफेची इस्त्री धरल्यामुळे, भीतीमुळे नाही. कुणी मला दटावून बसवलेलं नाही किंवा गोड बोलून काही लिहून घेतलेलं नाही. माझे धाकटे दीर गोड बोलून पाहून गेले, ते पुढे येईलच. येत्या आठवड्यात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होते. म्हणून हा कागद.

कलम पहिलं. घर.

दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची अरुंद गॅलरी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सर्व हक्कांसह मी माझ्या सुनेला देते. त्यावर दुसऱ्या कुणाचाही, नात्यातल्या किंवा नात्याबाहेरच्या माणसाचा, दावा राहणार नाही.

कारण लिहायची कायद्याने गरज नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. पण मी लिहिलं नाही तर लोक आपापली कारणं लावतील. त्यापेक्षा माझंच बरं.

माझा मुलगा पोहायला शिकवायचा. दर वर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो, त्याचे काका म्हणजे माझे दीर, त्याचा मित्र बेकरीवाला आणि पलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई असे चौघं आमच्या दुकानात घड्या घालायच्या टेबलाभोवती बसून फँटसी लीगचे संघ निवडायचे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला कागदावरचा संघ उभा करायचा. एक खेळाडू एकाच्याच वाट्याला. त्याने खऱ्या सामन्यात गोल केला की गुण आपल्याला. खेळाडू नकोसा झाला तर दुसऱ्याशी अदलाबदल करता येते, पण हंगामाच्या मध्यावर ती वाट बंद होते. बक्षीस वगैरे काही नाही. जो जिंकेल त्याने वर्षभर बाकीच्यांना टोमणे मारायचे, एवढाच मान.

या हंगामात पहिली चिठ्ठी माझ्या मुलाची निघाली. त्याने सगळ्यात नावाजलेला आघाडीवीर उचलला. लांब ढांगा टाकत पळतो म्हणून आम्ही त्याला घोडा म्हणतो. नंतर त्याला मधल्या फळीतला एक मोठा खेळाडूही मिळाला. तो खेळता खेळता सगळ्यांना हातवारे करून शिकवत असतो, म्हणून तो मास्तर. त्या दिवशी मुलगा टेबलावर थाप मारून मला म्हणाला, "आई, हे दोघं असल्यावर बाकीच्या संघात तुला घेतलं तरी मी जिंकतो."

पानगळ लागली तेव्हा तो गेला. सकाळी बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तो उठलाच नाही. त्याचं हृदय कच्चं होतं हे आम्हाला त्यानंतर कळलं. रोज पाण्यात असणारा मुलगा. त्याच्याबद्दल असं काही मनात तरी कसं येणार?

त्याचा फोन सुनेने बंद केला नव्हता. त्यावर सूचना आली की उद्या सामने आहेत, संघ लावा. सून फोन हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "आई, याचं काय करू?"

"त्याने लावलाय तसाच राहू दे," मी म्हटलं. आणि तो संघ माझ्या गळ्यात पडला तो पडलाच.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बेकरीवाल्याने सकाळचे पाव देता देता मला शिकवलं. दुकानातला टीव्ही मी इस्त्रीच्या टेबलाकडे वळवून घेतला. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता मी घोड्याला म्हणायचे, "चल रे बाबा, एक तरी घाल." तो घालेना. चेंडू खांबाला लागायचा, नाहीतर गोलकीपरच्या पोटात जायचा. मास्तरचं तर त्याहून वाईट. तो गुडघ्याच्या दुखण्यातून उठला होता आणि बहुतेक वेळ अंगावर जाकीट घालून बाकावर बसलेला दिसायचा. आमचा संघ तळाला गेला. तरी दर शुक्रवारी मी दोघांनाही खेळवत राहिले.

बेकरीवाल्याने एकदा सांगून पाहिलं. "काकू, घोड्याला हात लावू नका. गोल होत नाहीत, पण तो गोलासमोर पोचतोय ना? मग आज नाही तर उद्या चेंडू आत जाणारच. मास्तरचं वेगळं आहे. त्याला खेळवतच नाहीत. बाकावर बसलेल्याला गुण कुठून मिळायचे? मास्तर द्या कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी दीर आले. कोट न काढताच उभे राहिले. "वहिनी, नाव मोठं म्हणून चाटत बसायचंय का? घोडा संपलाय. मला द्या. बदल्यात माझ्याकडचे दोन घ्या, दर आठवड्याला थोडेफार गुण आणणारे आहेत."

"संपलाय तर तुम्हाला कशाला हवाय?" मी विचारलं.

ते हसले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि घराचंही एकदा बघून ठेवा वहिनी. पोरगी तरुण आहे. उद्या लग्न केलंन् तर दादाचं घर परक्याच्या हातात जायचं."

दोन्ही गोष्टींना मी नाही म्हटलं. घराला का नाही म्हटलं ते मला पक्कं ठाऊक होतं. खेळाडूंना का, ते सांगता येत नव्हतं. ते त्याने निवडले होते, एवढंच. त्याच्या हातचं दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे? त्याचे शर्ट धुऊन झाले होते. धुवायला नको होते, पण माझा धंदाच तो. लक्षात येईपर्यंत हात कामाला लागलेले असतात.

अदलाबदलीचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी दुकानाचं शटर मी अर्धं ओढलं होतं. सून हॉस्पिटलातून आली. ती एक्स-रे काढते, दिवसभर उभी असते. आली आणि स्टुलावर बसली.

"आई, आज शेवटचा दिवस ना?"

"हो. तू सांग. मी घोडा दिला तर त्याला वाईट वाटलं असतं का?"

तिने बूट काढले, पाय चोळत बसली. मग म्हणाली, "तो असता तर त्याने कधीच देऊन टाकला असता. मागच्या वर्षी आपला लाडका गोलकीपर दिला, तेव्हा शीळ घालत घरी आला होता, आठवतंय? त्याला जिंकायचं असायचं. त्याने कुणाला असं धरून ठेवलं नसतं आई. धरून बसलोय ते आपण."

"आपण म्हणजे? तू काय धरलंयस?"

"त्याचा टॉवेल अजून खुंटीवर आहे. रोज सकाळी मी त्याच्या शेजारचा माझा घेते. त्याला धक्का लागणार नाही असा." तिने बूट स्टुलाखाली सरकवले. "माझ्या ताईने मला तिच्या गावी बोलावलंय. तिथल्या हॉस्पिटलात जागा आहे. किती दिवस झाले, तुम्हाला सांगायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. सांगितलं नाही. वाटलं, मी गेले तर तुम्ही इथे एकट्या त्या दोघांना घेऊन बसाल."

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. ती रडली. मीही रडले. ती जाणार याचं मला वाईट वाटलं, आणि माझ्यापायी ती अडकून पडली होती याचं त्याहून जास्त.

मग आम्ही दोघींनी बसून अदलाबदल केली. मास्तर डॉक्टरीणबाईंना दिला आणि एक साधा, पण रोज खेळणारा बचावपटू घेतला. घोडा दिरांना दिला, त्यांचे दोन घेतले. बटण सुनेने दाबलं. माझं बोट त्या पडद्यावर धड पडत नाही.

रविवारी घोड्याने तीन गोल केले.

बेकरीवाल्याचा फोन आला, "काकू, टीव्ही लावू नका." आम्ही लावलेलाच होता. सून माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "घ्या!" आणि आम्हाला जे हसू फुटलं ते थांबेना. दुकानाच्या मागच्या खोलीतून रफूवाली धावत आली, तिला वाटलं कुणाला काही झालं. मुलगा गेल्यापासून आमच्याकडे कुणी हसलं नव्हतं.

संध्याकाळी दीर आले. या वेळी कोट काढून बसले. म्हणाले, "वहिनी, मला हे बरं वाटत नाही. नियमात बसत नसलं तरी बसवू. तुमचा घोडा तुम्ही परत घ्या."

"नको. दिला तो दिला."

त्यांनी मान खाली घातली. "तिसरा गोल झाला आणि त्याला फोन करायला हात गेला हो वहिनी. चिडवायला." आणि आमचे दीर, जे त्याच्या अंत्यविधीला सगळ्यांना सूचना देत ताठ उभे होते, ते माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. त्यांनी घराचा विषय त्यानंतर काढलेला नाही. तरी कागद असलेला बरा.

मास्तरचा गुडघा काही सुधारला नाही. म्हणजे बेकरीवाल्याचं दोन्हीकडे खरं ठरलं. घोडा ठेवायला हवा होता आणि मास्तर आणखी आधी द्यायला हवा होता. आम्ही आजही तळाशी आहोत. त्या संध्याकाळी मात्र सुनेने बहिणीला फोन करून येते म्हणून कळवलं, आणि थंडी सरायच्या आत ती गेली. रोज फोन करते.

म्हणून घर तिचं. तिने पुन्हा लग्न करावं किंवा करू नये. घर विकावं, भाड्याने द्यावं, तिला योग्य वाटेल ते करावं. माझ्या आठवणीखातर इथे परत येऊन राहू नये.

कलम दुसरं. दुकान.

दुकान, त्यातली यंत्रं, वाफेची इस्त्री, हँगर, गिऱ्हाइकं आणि बँकेतली शिल्लक रफूवालीला. रफूसाठी आलेल्या कपड्यांना ती जितकं जपते तितकं मी माणसांनाही जपलेलं नाही. ज्यांचे कपडे न्यायचे राहून गेलेत त्यांनी कधीही मागितले तर हसून द्यावेत, उशीर का झाला विचारू नये. कधी कधी माणसाला येववत नाही.

कलम तिसरं. टीव्ही बेकरीवाल्याला. तो साक्षीदार म्हणून सही करायला पेन घेऊन आला होता. ज्याला कागदातून काही मिळतं त्याची सही चालत नाही, असं सांगून वकीलबाईंनी त्याला बाहेर बसवलं. "मग टीव्ही नको, सही करू द्या," म्हणत होता. टीव्ही त्यालाच द्यावा.

कलम चौथं. कोट.

माझ्या यजमानांचा लोकरीचा कोट धाकट्या दिरांना. तो मुळात आपलाच होता, असं ते यजमान गेल्यापासून सांगत आले आहेत. नव्हता. शिवायला टाकला तेव्हा मी सोबत होते. तरी घ्यावा. बाह्या त्यांना आखूड होतील म्हणून मी उसवून लांब करून ठेवल्या आहेत.

कलम पाचवं. संघ.

हंगाम संपेपर्यंत संघ बेकरीवाल्याने लावावा. पुढच्या वर्षी टेबलाभोवती जी चौथी खुर्ची रिकामी राहील ती त्यांनी त्यांच्या मर्जीने भरावी.

एक काम मात्र माझ्याकडून झालं नाही. मुलाने संघाला स्वतःचंच नाव दिलं होतं. दर सोमवारी गुणतक्ता येतो आणि त्यात त्याचं नाव असतं. तळाला का होईना, असतं. मी गुण बघायच्या आधी ते बघते. नाव बदलायची सोय आहे, कुठे दाबायचं तेही मला दाखवलेलं आहे. दोनदा तिथवर गेले आणि परत आले. माझ्यानंतर ते नाव कुणीतरी काढावं. सुनेला काढायला लावू नये.

वरचं सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि मला मान्य आहे. हे अमलात आणायचं काम वकीलबाईंकडे.

सही: लॉन्ड्रीवाल्या काकू

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही:
१. दातांच्या डॉक्टरीणबाई
२. समोरचे चष्मेवाले

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, सामने सुरू व्हायच्या जरा आधी