आवाज आला की बटण दाबायचं

ती. आत्या,

ज्या क्षणी माझ्या उजव्या कानात बारीक ‘टूं’ झालं आणि काचेपलीकडून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. (नमस्कार राहिलाच. साष्टांग नमस्कार. मी बसलोय त्या खोलीत साष्टांग सोड, पाय पसरायचीही सोय नाही, तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत वाकलो असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला गेला, की अजून जावयासारखा ठाण मांडून बसलाय? इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आई ठीक. बाबा रागावलेत, मी लपलोय, आणि जिच्यामुळे लपलोय ती बाहेर आपली पिशवी भरतेय. पण थांब, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर म्हणशील, कार्ट्याने कॉलेज सोडलं तशी गोष्टही अर्ध्यावर सोडली.

कॉलेजचं तुला कळलंच असेल. (बाबांनी सांगितलेलं निम्मंच खरं आहे. मी प्राध्यापकांच्या अंगावर डस्टर फेकलं नाही. मी ते खिडकीबाहेर फेकलं. खाली नेमकी त्यांचीच मोटार उभी असावी, यात माझा काय दोष?) तेव्हापासून बाबांनी मला दुकानात बसवलंय. कानाच्या यंत्रांचं दुकान म्हणजे बसून खायचं काम, असं तुला वाटत असेल. माझ्या वाट्याला आलाय तो मळ. लोकांच्या कानातून उतरलेली यंत्रं माझ्यापुढे एका ट्रेमध्ये येतात, मी बाहुलीच्या दाढीला शोभेल एवढ्याशा ब्रशने त्यांतला मळ काढतो, सेल बदलतो, यंत्र शीळ घालतंय का ते बघतो आणि पुढचं उचलतो. असला उद्योग करता करता माणूस प्रेमात पडू शकतो, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्यालाही डस्टरच्या पाठोपाठ पाठवला असता.

तर ती. ती आमच्याकडे कान तपासते. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, तिच्या बरोबर खाली तिची खुर्ची, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव शांतता ठेवलंय. (आमच्या दुकानात शांतता एवढी एकच. बाबांना दिवसभर गिऱ्हाइकांशी ओरडून बोलायची इतकी सवय झालीय, की घरी मीठ मागितलं तरी शेजारी मीठ घेऊन येतात.) तिची पद्धत अशी: गिऱ्हाइकाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. ती काचेपलीकडून आपल्या यंत्रातून बारीकमोठे आवाज सोडते. आवाज आला की बटण दाबायचं. बटण दाबलं की तिच्यापुढे दिवा लागतो. आत्या, ही पद्धत ज्याने काढली तो नक्की कुणाच्या तरी प्रेमात आकंठ बुडालेला असणार! एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिने माझेच कान तपासले. मी आवाज आला तरी बटण दाबलं, नाही आला तरी दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “धाकटे मालक, कान उत्तम आहेत. धीर मात्र शून्य.” मग खुर्चीत मागे रेलून सहज म्हणाली, दिवसभर तेच तेच टूं-टूं सोडून कंटाळा येतो हो, कुणीतरी यात जरा गंमत घालायला हवी. सहजच म्हणाली. पण माझ्यासारख्याशी सहज बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉपवर एक फुकटातलं मॉड्युलर सिंथेसायझर उतरवून घेतलं. हे काय प्रकरण असतं ते तुला तुझ्या भाषेत सांगतो. पडद्यावर एक रिकामी फळी असते. तिच्यावर आपल्याला हवे तेवढे डबे मांडायचे. एक डबा नुसता आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला झोके देतो, एक आवाजाची तोटी उघडतो नि बंद करतो. प्रत्येक डब्याला भोकं असतात आणि या भोकातून त्या भोकात माउसने वायरी ओढायच्या असतात. वायरी खोट्याच, पण रंगीबेरंगी, आणि मधे अगदी खऱ्यासारख्या लोंबतात. कुठली वायर कुठे, ते कुणी सांगत नाही. बाजाची पेटी उघडली की सूर आयता हजर असतो, इथे सुरासकट सगळा संसार स्वतः मांडायचा. मी मांडला. फळी गच्च भरली, वायरींचं असं जाळं विणलं की कोळ्याने येऊन शिकवणी लावावी. आणि आवाज? ठार बंद! मी लॅपटॉपला शिव्या दिल्या, त्याला उलटा करून थोपटला, ‘या घरात वीजच धड येत नाही’ म्हणून आईवर ओरडलो. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता मागून बघत होती. तिने विचारलं, “यातली बाहेर जाणारी वायर कुठली रे?”

आत्या, बाहेर जाणारी वायर नव्हतीच! स्पीकरकडे आवाज नेणारा डबा मी मांडलाच नव्हता. सगळे डबे आपापसात तावातावाने बोलत होते आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. (शांततेच्या बाबतीत माझ्या मनाचंही तंतोतंत हेच चाललं होतं, पण तो विषय नंतर.) तो डबा लावला मात्र, आणि घरात विमान उतरलं. आईच्या हातातली घडी कोपऱ्यात जाऊन पडली. बाबा न्हाणीघरातून ओरडले, “कोण बोलतंय एवढ्या मोठ्याने?”, आणि हे बाबा विचारतायत, यावरून आवाजाची कल्पना कर. बरं, तो थांबेल तर शपथ. पेटीची पट्टी सोडली की सूर विरतो, याला विरणं ठाऊकच नाही. तोटीचा डबा नीट लावल्याशिवाय हा पठ्ठ्या वीज आहे तोवर गातच राहतो, आणि तो तोटीचा डबा मला काही केल्या लागेना. शेवटी मी लॅपटॉपच मिटला. पण आत्या, त्या दिवशी मी नाचलो! विमान तर विमान, माझं होतं!

मग रोज दुपारी शांतता जेवायला गेली, की मी लॅपटॉप घेऊन आवाजबंद खोलीत. (खोलीच्या भिंतींना जाड फोम आहे. आनंदाने डोकं आपटलं तरी लागत नाही, मी पुष्कळदा खात्री करून घेतलीय.) तिथे मला एक अफाट डबा सापडला. त्याचं काम एवढंच, की मनाला येईल तो आकडा काढत बसायचं. तो मी सुराच्या भोकात खुपसला आणि झोके देणारा डबा आवाजाच्या लहानमोठेपणाला लावला. काय सांगू! पिंग, ट्यँव, कुईईक, मधेच लांबून कुणी शीळ घालत यावं तसं, मग एकदम कानाशी, मग गायब. जणू एखादं रान स्वतःशीच थट्टा करतंय. झाली की गंमत! आता ती शांततेच्या कानात घालायची. ती रोज जेवून आली, की पहिल्यांदा स्वतः हेडफोन लावून यंत्र तपासते. म्हणून मी लॅपटॉप काउंटरखाली सेलच्या खोक्यांमागे ठेवला, तिथून एक वायर (ही खरी) सतरंजीखालून तिच्या टेबलापर्यंत नेली, आणि तिच्या यंत्राच्या पाठीमागे एक जास्तीचं भोक होतं, त्यात खोचली. रान चालू करून ठेवलं. एवढ्यात बाबांनी मला एका आजींचं दुरुस्त यंत्र पोचवायला पिटाळलं. मी निघालो, तो अक्षरशः उड्या मारत निघालो.

मी परत आलो तेव्हा प्रलय सुरू झाला होता. शांततेला त्या दिवशी यायला उशीर झाला, आणि येऊन बघते तर एक निवृत्त मुख्याध्यापक बायकोसह ताटकळलेले. म्हणून तिने यंत्र न तपासताच त्यांना आत बसवलं. मुख्याध्यापकांना दारावरची बेल ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, बायको तर गेली कित्येक वर्षं ऐकू येत नाही. पण माझं रान होतं चांगलं दणदणीत, ते त्यांना लख्ख ऐकू आलं. ते तारमास्तरासारखे बटण कडकडवायला लागले. शांतता आवाज कमी करते, दिवा पेटतो. आणखी कमी करते, तरी पेटतो. शेवटी आवाज सोडायचाच थांबली, तरी पेटतोय! कागदावर जे उमटलं ते बघून बाबा आनंदाने गरजले, “सर, तुमचे कान माझ्या पोराहून चांगले आहेत! यंत्र कशाला घालता?” (धंदा बुडाला तरी चालेल, पण बाबा खोटं बोलून यंत्र विकत नाहीत.) आणि मुख्याध्यापकांची बायको खुर्चीतून सावकाश उठली.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ऐकू येत होतं?”

“काय म्हणालीस?”

“बघा! बघा! अजून चालूच!”

“अगं, मला खरंच ऐकू येत नाही!”

“मग आत बटण काय भुताने दाबलं?”

“आत पक्षी होते!” मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. बाबा मधे पडायला गेले, तर “तुम्ही गप्प बसा, तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी,” म्हणून त्या बाईंनी त्यांनाही झापलं. ते दोघे गेल्यावर जे जे आत बसले त्या सगळ्यांचे कान असेच वटवाघळाच्या तोडीचे निघाले. (लॅपटॉप मिटायला काउंटरखाली वाकावं, तर काउंटरवर बाबा.) एक बाई नवीन यंत्र घ्यायला आल्या होत्या, त्या जुनंही काउंटरवर ठेवून निघून गेल्या आणि बाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू न आल्याने तिच्याखाली येता येता वाचल्या. तेव्हा मात्र माझी तंतरली.

बाबांचा आवाज अगदी हळू झाला. बाबा ओरडतात तोवर भ्यायचं कारण नसतं, तुला ठाऊकच आहे. ते हळू आवाजात शांततेला म्हणाले, “मॅडम, यंत्र बिघडलंय की लक्ष?” ती यंत्र तपासायला लागली आणि मागच्या भोकात तिला माझी वायर सापडली. तिचा माग काढत, सतरंजी उचलत ती गुडघ्यांवर थेट काउंटरपर्यंत आली. मी एकच यंत्र ब्रशने घासत होतो, त्यात मळ सोड, रंगही उरला नसेल. तिने लॅपटॉप पाहिला. मग परत जाऊन हेडफोन लावले आणि ऐकत राहिली. बराच वेळ. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “हे थांबवायचं कसं?” मी म्हटलं, “ते अजून जमलं नाही.” तिने ओठ दातांखाली दाबला (हसू होतं की राग, हे मला जन्मभर छळणार), वायर उपटून माझ्या खिशात कोंबली आणि बाबांना जाऊन सांगितलं, “जेवून आल्यावर यंत्र तपासायचं माझ्याकडून राहिलं.” बाबा म्हणाले, “मग उद्यापासून येऊ नका.”

आणि मी? मी पेटलो! हा अन्याय आहे म्हणालो, ही हुकूमशाही आहे म्हणालो, या दुकानात माणसांचे कान तपासतात पण त्यांचं ऐकत कुणी नाही असंही म्हणालो (हे वाक्य मला अजून आवडतंय), काउंटरवर मूठ आपटली, सेल गडगडत गेले. तोंडातून सगळं सगळं निघालं, ‘वायर माझी होती’ एवढं सोडून. मग तणतणत इथे, आवाजबंद खोलीत शिरलो, आणि तिच्या टेबलावरचे कोरे कागद घेऊन तुला लिहितोय.

आतोबांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा लाडका (बाबांच्या मते वाया गेलेला)
भाचा

ता. क.: मुख्य काम राहिलंच. बाबा जगात फक्त तुला टरकून असतात, तुझा फोन आला की अजून उभं राहून बोलतात. तर हे वाचल्याबरोबर, आत्ताच्या आत्ता फोन उचल आणि सांग, की वायर भाच्याची होती, त्या पोरीला काढलंस तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. माझं नाव घेताना जरा सांभाळून. ‘उपद्व्याप’ म्हणू नकोस, ‘प्रयोग’ म्हण.

पुन्हा ता. क.: आत्ता लक्षात आलं की हे पत्र आहे. पत्रात ‘आत्ताच्या आत्ता’ लिहिणाऱ्या गाढवाला कॉलेजने आणखी ठेवून घेऊन तरी काय दिवे लावले असते? माझा फोन बाहेर काउंटरवर, बाबांच्या कोपराखाली आहे. काचेतून दिसतंय, तिने जेवणाचा डबा पिशवीत टाकला, पाण्याची बाटली टाकली, आता पायांत चपला सरकवतेय. बाबा मुद्दाम दुसरीकडे बघतायत. पोस्टमन तुझ्या दारात पोचेपर्यंत ती कुठल्या कुठे गेलेली असेल.

शेवटचं ता. क.: फोन करू नकोस. मीच सांगतो. आधी बाबांना वायरीचं, आणि त्यातून जिवंत राहिलो तर तिला दुसरंही, तोंडाने, तिच्या समोर उभं राहून. कसं सांगणार ते ठरवलेलं नाही. उठलो. बाहेर आलो. (अक्षर हललंय, कारण कागद दारालाच टेकवून लिहितोय. ती थांबलीय. बाबा म्हणतायत, “आता काय?”) पुन्हा आत पळून जाईन म्हणून दार घट्ट लावून घेतलंय.